तलावांची साखळी आणि तिचे राखणदार

पुण्याला मुळा-मुठा आहे, नाशिकला गोदावरी आहे, सांगलीला कृष्णा आहे. बंगळूरला मात्र अशी एकही मोठी बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर हे शहर वसले आहे. त्याच्या कुशीतून लहान ओढे उगम पावतात आणि चहूबाजूंनी उतरून जातात. असे असता येथे शेकडो वर्षे भात पिकला, भाजीचे मळे फुलले, पेठा वसल्या आणि आज एक कोटीहून अधिक माणसे येथे नांदत आहेत. हे कसे घडले, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे प्रवाशाला उद्याने व राजवाडे बाजूला ठेवून येथील तलावांकडे वळावे लागते. कानडीत तलावाला ‘केरे’ म्हणतात. बंगळूरच्या अनेक वस्त्यांची ओळख अशा एखाद्या केरेशी निगडित आहे.

या तलावांची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. शहराच्या उंचवट्यावरून तीन मुख्य खोरी खाली उतरतात: हेब्बाळ, कोरमंगल-चल्लघट्ट आणि वृषभावती. पूर्वजांनी या खोऱ्यांत उताराला आडवे मातीचे बांध घातले. वरचा तलाव भरला म्हणजे जादा पाणी सांडव्यावरून कालव्यात उतरावे, तेथून ते खालच्या तलावात जावे, तो भरला की त्याच्या खालच्यात, अशी ही साखळी असे. या मोठ्या कालव्यांना येथे ‘राजकालुवे’ म्हणतात. पावसाचा थेंब डोंगरउतारावरून पळून न जाता पायरीपायरीने उतरत असे आणि प्रत्येक पायरीवर थोडा जमिनीत मुरत असे. त्यामुळे बांधाखालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राही. म्हणून येथील तलाव एकेकटा पाहून चालत नाही. साखळीची एक कडी तुटली तर वरच्या वस्तीत पूर येतो आणि खालची जमीन कोरडी पडते.

बंगळूरच्या किल्ल्याचा व पेठेचा पाया १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी घातला, आणि नव्या नगरासाठी तलावही बांधविले. त्यापूर्वीही या परिसरातील गावांना आपापले तलाव होतेच. मराठी वाचकांना या भूमीविषयी आणखी एका कारणाने जिव्हाळा वाटेल. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे जिंकल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले आणि १६८७ पर्यंत भोसले घराण्याचा येथे अंमल राहिला. मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वराच्या देवळाशी शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचे नाव जोडलेले आहे. पुढे शहर म्हैसूरच्या वडियारांकडे गेले. राज्यकर्ते असे बदलत राहिले, तरी तलावांची व्यवस्था गावांच्याच हाती राहिली, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

त्या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘नीरगंटी’. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत जो पाटकरी असे, त्याचाच हा कानडी भाऊबंद. तलावाची मोरी केव्हा उघडावयाची, कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यावयाचे, बांधाला कोठे भेग पडली आहे, सांडव्यात काय अडकले आहे, हे सारे त्याने पाहावयाचे. त्याचा मोबदला पिकातील वाट्याने किंवा जमिनीच्या रूपाने मिळे. ज्याने तलाव बांधला वा दुरुस्त केला, त्याला ‘कट्टुकोडगे’ नावाची इनाम जमीन देण्याची चाल होती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की शेतकरी तळातील गाळ काढून शेतात नेत. शेताला खत मिळे आणि तलावाला खोली मिळे. ही व्यवस्था सर्वांना समान न्याय देणारी होती असे मात्र मानू नये. पाण्याचा पहिला हक्क बहुधा जमीनदाराचा असे आणि कष्टाचा भार खालच्या जातींवर पडे. तरीही एक गोष्ट निश्चित होती. तलाव बिघडला तर जाब कोणाला विचारावयाचा, हे गावातील प्रत्येकास ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. १८५६ मध्ये म्हैसूर संस्थानात सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले आणि तलावांची देखरेख हळूहळू गावाकडून कचेरीकडे गेली. यातील उणीव पुढे दरबाराच्याही लक्षात आली असावी, कारण १९११ मध्ये तलाव-पंचायतींचा कायदा करून गावकऱ्यांना पुन्हा या कामात गुंतविण्याचा यत्न झाला. परंतु तोवर शहराने पाण्यासाठी दूर पाहावयास आरंभ केला होता. १८९४ मध्ये अर्कावती नदीवर हेसरघट्टा योजना झाली, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी आले. हे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. अभियंत्यांच्या या कर्तृत्वाचे कौतुक करावे तितके थोडेच. पण घरात नळ आला आणि तलाव नजरेआड झाला. ज्याचे पाणी आपण पीत नाही, त्याची राखण करावयास कोण उठणार?

याचे परिणाम शहराच्या मध्यभागीच पाहावयास मिळतात. बाहेरगावचे प्रवासी ज्या केंपेगौडा बसस्थानकावर उतरतात, तेथे पूर्वी धर्मांबुधी तलाव होता. कंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या जागी उभे आहे. त्या तलावाकाठी भाजीपाला पिकविणाऱ्या तिगळ समाजाचा ‘करग’ उत्सव आजही दरवर्षी होतो, आणि त्यातील विधींसाठी तलावाचा एक चौकोनी तुकडा तेवढा शिल्लक ठेवला आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी कोरमंगल येथे खेळाडूंची निवासस्थाने झाली, तीही एका तलावाच्या तळजमिनीवर. कोठे मलेरियाची भीती पुढे आली, कोठे घरांची निकड, कोठे रस्त्याची. प्रत्येक वेळी कारण सबळ वाटले. साखळीचा विचार करणारा मात्र त्या बैठकीस कोणी नसावा.

जे तलाव उरले, त्यांच्या वाट्याला सांडपाणी आले. शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूरचा सुमारे ९०० एकरांचा तलाव आहे. तो शहरातील सर्वांत मोठा. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी वर्षानुवर्षे पुरेशा शुद्धीकरणाविना त्यात येत राहिले. साबणाचा व रसायनांचा फेस इतका दाटला, की वाऱ्याने तो रस्त्यावर उडू लागला. २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तलावावर आग लागली, आणि ती विझविण्यासाठी सैनिकांना यावे लागले. पाणी पेटते हे आपण कथापुराणांत ऐकतो. येथे ते जगाने छायाचित्रांत पाहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकरण हाती घेतले आणि डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनास ५०० कोटी रुपये या कामासाठी वेगळे ठेवण्यास फर्माविले.

मग दोष कोणाचा? हा प्रश्न विचारला म्हणजे बोट एका जागी टेकत नाही. तलावाच्या जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, सांडपाण्याची जबाबदारी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे, पावसाळी नाल्यांची महानगरपालिकेकडे, भोवतालच्या बांधकामाच्या आराखड्याची विकास प्राधिकरणाकडे, झाडांची वनखात्याकडे, माशांची मत्स्यखात्याकडे, पाण्याच्या तपासणीची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. प्रत्येक खाते आपापला तुकडा सांभाळते. अखंड तलाव मात्र कोणाच्याच वहीत नसतो. ही अडचण दूर करण्यासाठी प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९८५ मध्ये एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००२ मध्ये तलाव विकास प्राधिकरण निघाले. त्याने काही तलाव खाजगी संस्थांना भाड्याने दिले, तेव्हा नागरिकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या समितीच्या शिफारशी स्वीकारून न्यायालयाने २०१२ मध्ये तलावांच्या रक्षणासाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमण्याचा आदेश दिला. त्यानंतर २०१४ च्या कायद्याने आणखी एक प्राधिकरण आले आणि २०१८ मध्ये तेही मोडून त्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले गेले. पाटी बदलली. बांधावर रोज फेरी मारणारा माणूस मात्र कोणत्याही पाटीमागून आला नाही.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत वाट दाखविली आहे. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने अकरावी व बारावी अनुसूची जोडली गेली. जमीन सुधारणा, मृदसंधारण, लघुपाटबंधारे, पाणलोट विकास हे विषय पंचायतींकडे सोपविता येतील आणि पाणीपुरवठा व पर्यावरण रक्षण हे विषय नगरपालिकांकडे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. मात्र अधिकार कागदावर असून भागत नाही. तो बजावणारा लोकप्रतिनिधी हवा. बंगळूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. २०२५ च्या सप्टेंबरात तिच्या जागी पाच महानगरपालिका स्थापन झाल्या, त्या दिवसापर्यंत शहराला निवडून आलेले सभागृह नव्हते. मधल्या काळात, २०२४ च्या उन्हाळ्यात, अनेक भागांतील कूपनलिका कोरड्या पडल्या आणि टँकरपुढे रांगा लागल्या. आपल्या प्रभागातील तलावाविषयी नागरिकाने प्रश्न विचारावा, तर तो प्रशासकाला. मतदानाच्या दिवशी त्याचे उत्तर मागता येईल असा नगरसेवक त्याच्यापुढे नव्हता.

हे सारे वाचून महाराष्ट्रातील वाचकाने निर्धास्त होऊ नये. आपल्या भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी ते घडले आणि मालगुजारांच्या देखरेखीखाली राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. परंतु तलाव शासनजमा होताच त्यांच्या निगराणीची जुनी घडी विसकटली आणि पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले. म्हणजे बंगळूरची गोष्ट एका नगराची नाही. मालकी बदलताना राखण कोणाची, हे जेथे ठरविले गेले नाही, तेथे ती अशीच घडली आहे.

आता दुसरी बाजू. शहराच्या पूर्वेस सर्जापूर रस्त्यावर कैकोंड्रहळ्ळीचा लहानसा तलाव आहे. सांडपाणी व कचरा यांनी तोही मरणपंथास लागला होता. परिसरातील रहिवाशांनी महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांशी एकत्र बसून आराखडा केला, २००९ नंतर त्याचा जीर्णोद्धार झाला आणि पुढील देखभालीसाठी रहिवाशांच्या न्यासाने पालिकेशी करार केला. आज तेथे पक्षी येतात, मुले बांधावर फिरतात. उत्तरेस जक्कूरचा सुमारे १६० एकरांचा तलाव आहे. तेथील योजना विशेष पाहण्याजोगी आहे. सांडपाणी प्रथम शुद्धीकरण केंद्रात जाते, मग पाणवनस्पतींनी भरलेल्या पाणथळीतून निथरत तलावात उतरते. कोळी तेथे मासे धरतात आणि आसपासच्या विहिरींना पाणी लागते. दोन्ही ठिकाणी पैसा शासनाचा व यंत्रे अभियंत्यांची होती. पण पाण्याला वास येऊ लागला की त्याच दिवशी तक्रार करणारा शेजारी होता, आणि त्याच्यामुळे काम टिकले. तोच आजचा नीरगंटी.

येथेही एक सावधगिरी हवी. तलावाला कुंपण पडते, फिरावयाची वाट होते, फाटकाला वेळा लागतात, आणि कधी कधी गुरे पाण्यावर आणणारा, चारा कापणारी, कपडे धुणारा यांना बाहेर राहावे लागते. ज्यांची उपजीविका पाण्यावर आहे त्यांची नजर सर्वांत तीक्ष्ण असते. देखरेख समितीत त्यांना जागा नसेल, तर समितीचा एक डोळा मिटलेला राहील.

साखळी शहराच्या वेशीवर संपतही नाही. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत उतरून तामिळनाडूकडे जाते. शिवाय २०१८ पासून बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांद्वारे कोलार या कोरड्या जिल्ह्यातील तलावांत सोडले जात आहे. कित्येक वर्षे रिकामे पडलेले तलाव भरलेले पाहून तेथील शेतकऱ्यांना आनंद झाला. परंतु त्याच वर्षी जुलैत एका तलावात फेस दिसला आणि हा प्रश्न न्यायालयात गेला. पुढे पुरवठा पुन्हा सुरू झाला. शहरातील एका स्वयंपाकघराच्या मोरीतून निघालेले पाणी आता कोलारच्या विहिरीपर्यंत पोहोचते. म्हणूनच त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या कुटुंबालाही बंगळूरच्या शुद्धीकरण केंद्राची नोंदवही पाहण्याचा हक्क असला पाहिजे.

आपल्या गावी वा नगरात तलाव असेल, तर त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारता येतील. तलावाची हद्द सातबाऱ्यावर कशी नोंदली आहे आणि प्रत्यक्षात किती उरली आहे? पाणी कोठून येते व सांडव्यावरून कोठे जाते? मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी बांध व मोरी कोण पाहून येणार, त्याचे नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कचेरीत मिळतील. तिसऱ्याचे उत्तर सभेतच, सर्वांसमक्ष, एखाद्या माणसाच्या नावानिशी लिहून घ्यावे.