एनिमा : उंची, दाब आणि संकोच

चरकसंहितेने बस्तीवर अध्यायच्या अध्याय लिहिले. आपण मात्र ‘एनिमा’ म्हणताना आवाज खाली आणतो. त्या संकोचाची किंमत घरातील वृद्ध मोजतात.

भौतिकी सोपी आहे. भांडे रुग्णापेक्षा ४५ सेंटिमीटर उंच टांगले, तर पाण्याचा दाब सुमारे ३३ मिलिमीटर पारा एवढा होतो. उंची दुप्पट, तर दाबही दुप्पट. म्हणून घाईने भांडे वर चढवू नये. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्याने रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात.

दुकानातील फॉस्फेटची बाटली परासरणावर चालते. तीव्र द्रावण आतड्यात पाणी ओढते, मळ मऊ होतो. परंतु द्रव आतच राहिला, तर फॉस्फेट रक्तात शिरते. मूत्रपिंडे दुबळी असतील तर ते साठत जाते. चोवीस तासांत एकाहून अधिक मात्रा घातक ठरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता.

माझ्या वडिलांची मूत्रपिंडे क्षीण आहेत. चार दिवस पोट साफ न झाल्याने कोणीतरी आपुलकीने तीच बाटली आणून दिली. मी ती बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना विचारून सलाइनचा एनिमा दिला. लेकीच्या हातून हे करून घेताना बाबांनी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “आता बरं वाटतंय गं.”

पोटात तीव्र वेदना, उलट्या वा रक्तस्राव असेल, तर घरी एनिमा देऊ नका. आणि बाटली उघडण्यापूर्वी मूत्रपिंडांविषयी अवश्य विचारा, मोकळ्या आवाजात.