एका वाद्यवृंदाचें वेड

वार्षिकासाठीं वसतिगृहांतील एखादी आठवण लिहून पाठवावी, असें संपादकांचें पत्र आलें. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु लिहावयास बसलों कीं प्रत्येक वेळीं कानांत तींच गाणीं वाजूं लागतात, आणि तीं कांहीं आपल्या शाळेच्या गायनवर्गांत शिकविलेलीं नव्हेत. म्हणून त्यांचीच हकीगत लिहितों. तींत माझी शोभा फारशी नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

सन १९८९ च्या उन्हाळ्यांत, मी आठवींत जाण्यापूर्वीं, जहाजावर नोकरीस असलेले माझे मामा वाईस आमच्या घरीं आले. त्यांनीं मला फीत वाजविण्याचें एक लहानसें यंत्र व त्याबरोबर एक फीत दिली. आजच्या मुलांस फीत म्हणजे काय हेंहि सांगावें लागेल. तळहाताएवढी डबी, तींत दोन चक्रें आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी पट्टी, एवढाच तो संसार. वेष्टणावर चौघांचें छायाचित्र होतें. लंडन येथें १९७० सालीं स्थापन झालेल्या 'क्वीन' नांवाच्या रॉक वाद्यवृंदाचीं निवडक गाणीं तींत होतीं. हा संग्रह १९८१ सालीं निघाला होता.

पहिलें गाणें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. तें सुरू झालें आणि मला वाटलें, यंत्र बिघडलें. आरंभीं वाद्य नाहीं, ताल नाहीं, नुसते माणसांचे आवाज. मग एकटा पियानो. मग मध्येंच नाटकांतल्यासारखे सवालजबाब, त्यावर गिटारीचा गडगडाट, आणि शेवटीं पुन्हा सर्व शांत. धृपद म्हणून कोठें परत येणें नाहीं. आमच्या वडिलांस नाट्यसंगीताचा शौक होता. त्यांनीं सबंध गाणें निमूटपणें ऐकलें व विचारलें, "ह्याला सम कोठें आहे?" मला उत्तर देतां येईना, म्हणून मीं तें पुन्हा लावलें. उत्तर त्या दिवशीं सांपडलें नाहीं. परंतु सुटी संपेपर्यंत फितीच्या दोन्ही बाजू मला पाठ झाल्या होत्या. फितीवरील चिठ्ठीवर मीं ठळक अक्षरांत माझें नांव घातलें आणि ती वसतिगृहांत आणली.

वसतिगृहाच्या अधीक्षकांनीं रविवारीं दुपारीं दोन ते चार एवढी मुभा दिली. ते स्वतः प्रार्थनागीतें चार सुरांत बसविणारे. एकदां दाराशीं उभे राहून त्यांनीं पांच मिनिटें ऐकलें आणि म्हणाले, "गाणारे किती आहेत?" मीं सांगितलें, चार. "अशक्य," असें म्हणून ते निघून गेले. पुढें वाचनांत आलें कीं त्या भागांत गाणारे वस्तुतः तिघेच होते. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे व रॉजर टेलर ह्यांनीं आपलेच आवाज एकावर एक चढवून तो समुदाय उभा केला होता. अधीक्षकांचा अंदाज बरोबर होता आणि माझें उत्तर चुकीचें, ही गोष्ट त्यांस सांगावयाची राहूनच गेली.

माझ्या शेजारच्या खाटेवर जावळीकडचा एक मुलगा असे. त्याचें नांव मी लिहीत नाहीं. त्याचे वडील गांवच्या भजनांत मृदंग वाजवीत. तो अबोल होता, इंग्रजींत कच्चा होता, पण कान असा कीं पहिल्याच रविवारीं मला म्हणाला, "अरे, वरचें गाणें सोड. खालीं तो जाड तारांचा माणूस काय करतोय तें ऐक." तो माणूस म्हणजे जॉन डीकन. चौघांत वयानें सर्वांत लहान, बोलण्यांत सर्वांत मागें. १९८० सालीं अमेरिकेंत अग्रस्थानीं गेलेलें 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हें त्याचेंच गाणें. तें सबंध त्या खालच्या तारांवर चालतें, हें मला त्या मुलानें दाखविलें. तोंवर मी फक्त गवई ऐकत होतों. त्यानंतर वाद्यवृंद ऐकूं लागलों.

वेड असें चढत गेलें. एखादें जुनें इंग्रजी मासिक हातीं लागलें तर आम्ही त्यांतील त्यांच्याविषयींचा मजकूर वहींत उतरून घेत असूं. त्यांत आम्हांस सर्वांत मोहविलें तें ब्रायन मे ह्याच्या गिटारीनें. ही गिटार त्यानें १९६३ पासून पुढें आपल्या वडिलांच्या मदतीनें घरींच बनविली. तिची मान जुन्या शेकोटीच्या लांकडी चौकटीची, तारा हलविण्याच्या कळेला मोटारसायकलीच्या स्प्रिंगा, आणि पट्टीवरचे ठिपके म्हणजे आईच्या डब्यांतील शिंपल्याचीं बटणें! तारा छेडावयास तो नखी न वापरतां सहा पेनीचें जुनें नाणें वापरतो. हाच मनुष्य खगोलशास्त्राचा विद्यार्थी होता. गाण्यासाठीं अर्धवट सोडलेला प्रबंध पुरा करून त्यानें २००७ सालीं डॉक्टरेट मिळविली. आम्ही दोघांनींहि आंब्याच्या पेटीच्या फळ्या व सायकलच्या ब्रेकची तार जमवून एक गिटार केली होती. तिचा ध्वनि ऐकून स्वयंपाकघरांतील आचारी बाहेर आला, एवढेंच तिचें यश.

भोजनगृहांत एका शनिवारीं आम्ही 'वी विल रॉक यू'चा ठेका धरला. दोन वेळां पाय आपटावयाचे, एक टाळी. ह्याला वाद्य लागत नाहीं. मूळ गाण्यांतहि १९७७ सालीं त्यांनीं लंडनमधील एका ध्वनिमुद्रणगृहांत फळ्यांवर पाय आपटूनच तो ध्वनि घेतला होता. पाहतां पाहतां साठ मुलें सामील झालीं. आमटीचें भांडें कलंडलें. आठ दिवस यंत्र अधीक्षकांच्या कपाटांत राहिलें.

त्या दिवसांत फीत एकदां यंत्रांत अडकून तुटली. पेन्सिलीनें गुंडाळून, चिकटपट्टी लावून आम्ही ती जोडली. मात्र तेवढा तुकडा गेला. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'मध्यें एके ठिकाणीं गवई अर्धा शब्द गिळून पुढें जातो. मी आज तें गाणें कोठेंहि ऐकलें तरी त्या जागीं दचकतों, कारण तेथें शब्द पुरा ऐकूं येतो.

माझ्या भक्तीला सर्व कांहीं गोड वाटे असें समजूं नये. १९८४ सालीं ह्या चौघांनीं दक्षिण आफ्रिकेंत सन सिटी येथें कार्यक्रम केले. तेथें वर्णभेदाचें राज्य असतां व इतर कलावंत बहिष्कार पाळीत असतां ते गेले, हें मला मागाहून कळलें आणि तें आजहि खटकतें. दुसऱ्याच वर्षीं, १३ जुलै १९८५ रोजीं, इथिओपियाच्या दुष्काळनिधीसाठीं झालेल्या 'लाइव्ह एड'मध्यें त्यांनीं लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर सुमारें ७२,००० श्रोत्यांस वीस-एकवीस मिनिटें असें कांहीं डोलविलें कीं लोक तेंच लक्षांत ठेवतात. मी दोन्ही लक्षांत ठेवतों.

आतां मुख्य गोष्ट. नोव्हेंबर १९९१. आम्ही दहावींत होतों. वाचनालयांतील इंग्रजी वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बातमी होती: फ्रेडी मर्क्युरी ह्यांचें २४ तारखेस लंडन येथें निधन, वय ४५. आपणांस एड्स झाला आहे हें त्यांनीं आदल्याच दिवशीं जाहीर केलें होतें. त्या रोगाविषयीं आमचें ज्ञान त्या काळीं भिंतीवरच्या पत्रकापुरतें आणि भय मात्र अमाप. दुपारपर्यंत बातमी वसतिगृहभर झाली. तिच्याबरोबर त्याच्या खाजगी आयुष्याविषयींचे घाणेरडे विनोदहि आले. मी जेवण सोडून खोलींत गेलों, आणि पातें घेऊन फितीच्या चिठ्ठीवरचें माझें नांव खरवडून काढलें.

सायंकाळीं पांचसहा मुलें खोलींत आलीं. त्यांतील एकानें खिडकींतली ती फीत दोन पट्ट्यांच्या चिमटींत, मेलेला उंदीर धरावा तशी उचलली व विचारलें, "कोणाची रे ही?"

मीं म्हटलें, "माझी नाहीं."

माझा सोबती खाटेवर बसून भूमितीचें प्रमेय करीत होता. त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें. मग म्हणाला, "माझी आहे. ठेव खालीं."

पुढचे तीन महिने त्यानें तें निभावलें. पंगतींत मुलें त्याच्यापासून ताट सरकवीत. त्याला एक नांव पडलें, तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. भोजनगृहांत आमच्या जागा त्याच सुमारास बदलण्यांत आल्या व मी दुसऱ्या मेजावर गेलों. मला त्या बदलानें बरें वाटलें, हें मी कधीं विसरलों नाहीं. नंतरच्या रविवारीं दोन वाजतां त्यानें विचारलें, "ऐकायचें का?" मीं अभ्यासाचें कारण सांगितलें.

नाताळच्या सुटींत वाईस गेलों, तों मामांनीं पाठविलेलें एक इंग्रजी साप्ताहिक येऊन पडलें होतें. त्यांतील मृत्युलेखांत होतें कीं मर्क्युरी ह्याचें मूळ नांव फारुख बलसारा. पारशी कुटुंबांत, झांझिबार येथें, १९४६ सालीं जन्म. आणि आठव्या वर्षीं शिक्षणासाठीं समुद्रापार रवानगी, ती पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत! पसरणीच्या घाटानें चढणाऱ्या मोटारींचे दिवे मी जन्मापासून आमच्या गच्चीवरून पाहत आलों होतों. काखेंत कळसा म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें वर गेलों. सुटी असल्यानें फाटक बंद होतें. गजांतून आंत पाहून परत आलों. ह्याच शाळेंत त्यानें 'द हेक्टिक्स' हा आपला पहिला वाद्यवृंद सोबत्यांबरोबर काढला होता, व तो पियानो वाजवी. वरचे दांत पुढें असल्यामुळें मुलें त्याला चिडवीत, असेंहि पुढें वाचलें. हें सर्व मला ज्याला सांगावयाचें होतें त्याच्याशीं मी तेव्हां बोलत नव्हतों.

मार्च १९९२ मध्यें शालान्त परीक्षेचा शेवटचा पेपर झाला. तो दुपारच्याच गाडीनें गेला. मी तालुक्याच्या मित्रांबरोबर बाहेर होतों. रात्रीं ट्रंक आवरतांना रुमालांत गुंडाळलेली फीत सांपडली. चिठ्ठीवर जेथें मीं खरवडलें होतें तेथें नवा कागद डकविलेला होता, आणि त्यावर त्याच्या गोल अक्षरांत माझें नांव.

२०१८ सालीं त्या गवयावर चित्रपट निघाला. माझी मुलगी तो पाहून आली व तो कोण होता हें मला समजावून सांगूं लागली. मीं तिला ती फीत दाखविली. ती आतां वाजत नाहीं. यंत्र केव्हांच गेलें, पट्टीहि ठिसूळ झाली आहे.

मीं त्याचा शोध केला, परंतु पत्ता लागला नाहीं. हें वार्षिक जुन्या विद्यार्थ्यांकडे जातें असें संपादक कळवितात. तसें असेल तर चौथ्या खोलींतील खिडकीजवळच्या खाटेवर, १९९१ सालीं, जो होता त्यानें हें वाचावें. त्या संध्याकाळीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मी येथें छापून देत आहें. फीत माझी होती.