मेटाडोर ते सतरा सीटर

इतवारीतील कोणत्याही पेढीवर माल रवाना करावयाचा असला की सेठजी एकच आज्ञा देतात, ‘मेटाडोर बोलाव.’ दाराशी येऊन उभी राहते ती टाटाची छोटी एस, कधी महिंद्राची गाडी, कधी ४०७. मेटाडोर मात्र नव्हे. ज्या वाहनाचे ते नाव होते ते रस्त्यावरून केव्हाच दिसेनासे झाले, नाव तेवढे इतरांच्या अंगावर चढले. पुण्याकडे हाच मान ‘टेम्पो’ या शब्दास मिळाला आहे.

दोन्ही नावे एकाच घरची. हॅम्बुर्ग येथील विडाल आणि पुत्र या कारखान्याचा शिक्का ‘टेम्पो’, आणि १९४९ साली त्याने काढलेली व्हॅन ‘मेटाडोर’. आरंभी तिला फोक्सवॅगनचे इंजिन होते. फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन आणली आणि पुढे इंजिन देणे थांबवले. आपल्याकडे स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगलेले नगरचे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभारली. प्रथम तीनचाकी हॅन्सीट आली, मागाहून मेटाडोर. मेटाडोर हा स्पॅनिश शब्द असून झुंजीत बैलाला ठार करणारा, असा त्याचा अर्थ आहे. ज्या श्रावकांनी या गाडीतून मुक्तागिरीची आणि रामटेकच्या शांतिनाथांची यात्रा केली, त्यांच्यापैकी कोणी तो अर्थ विचारला नाही, हे बरेच झाले. प्रत्यक्षात या गाडीने बैलांच्या मानेवरचे ओझे हलकेच केले.

जर्मनीत मात्र मालक बदलला की नावही बदलत गेले. कारखाना हानोमागकडे गेला, तेथून डाइम्लर-बेन्झकडे, आणि तीच व्हॅन मर्सिडीज एल २०६ डी म्हणून विकली जाऊ लागली. या आकड्यांत एक रीत आहे : पहिला अंक वजनाचा वर्ग टनांत सांगतो, पुढचे दोन अश्वशक्तीचा अंदाज दहाच्या पटीत. मर्सिडीजशी जुना संबंध असलेल्या टाटांनी हीच रीत उचलली, म्हणून १९८६ ची ४०७. बजाज टेम्पोने मेटाडोर हे नाव टिकवून त्यास एफ ३०५, एफ ३०७ अशी शेपटे जोडली. ती गिऱ्हाइकाच्या तोंडी बसली नाहीत. १९८७ मध्ये मर्सिडीजच्याच पुढच्या पिढीच्या व्हॅनवरून ‘ट्रॅव्हलर’ आली. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचे नावच फोर्स मोटर्स केले. तरीही लोक ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ म्हणणे सोडत नाहीत. मारुती व्हॅनचेही तसेच. १९८८ पासून ती ओम्नी झाली, पण घरोघरी व्हॅनच राहिली.

लोकांनी दिलेले नाव गोड असले तरी व्यवहारात ते दगा देते. यात्रेसाठी गाडी ठरवताना आपण ‘सतरा सीटर’ मागतो. हे आसनांचे माप झाले, जागेचे नव्हे. ज्या कुटुंबांना मुनिसंघाच्या विहारात चौका घेऊन जावयाचे असते, त्यांच्या गाडीत शेगडी, गाळलेल्या पाण्याची भांडी, धान्याचे डबे आणि धोतर-साड्यांच्या वेगळ्या पेट्या हव्यात. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावयाचे म्हणजे हे सामान हाताशी हवे, छपरावर बांधून चालत नाही. परदेशी लोक ज्यास कॅम्पर व्हॅन म्हणतात, ती आपल्या लोकांनी चटया आणि दोऱ्या वापरून पूर्वीच केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, ते नंतर.

अशा वेळी सतरा आसने मोजून घेतलेली गाडी आली आणि मधली वाट अरुंद निघाली, तर चौका मांडणाऱ्या वृद्ध मातुःश्रींना भांडी मांडीवर धरून बसावे लागते. ट्रॅव्हलरच्या नावापुढील ३०५०, ३३५०, ३७००, ४०२० हे आकडे पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. आसने कमी-अधिक बसवता येतात, हे अंतर मात्र बदलत नाही. तेव्हा भाडे ठरवताना प्रथम हा आकडा विचारावा, नोंदणीपुस्तकातील आसनसंख्या त्याच्याशी ताडून पाहावी, आणि मागची दोन आसने काढून मिळतील का, हे बयाणा देण्यापूर्वीच बोलून घ्यावे.