मावशीचा मिट्ठू आणि मांज्यातला पिंगळा

आमच्या गोव्यात पोपटाला कीर म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याचा राघू होतो आणि गोवा एक्सप्रेस मनमाड, भुसावळ, इटारसी करत भोपाळला पोचते तोवर तोच पक्षी मिट्ठू झालेला असतो. भोपाळच्या आनंद नगरात माझी मावशी राहते. रायसेन रोडवर, पिपलानीच्या पुढे. काका ‘भेल’च्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्या कारखान्याच्या निमित्तानं जी मराठी कुटुंबं तिकडे गेली आणि तिथलीच झाली, त्यांतलंच हे एक. घरात मराठीच बोलतात, पण ती हिंदीत बुचकळून काढलेली. “अरे, मिट्ठूचा दाना संपला असेल, जरा बघून घे,” असं मावशी म्हणते तेव्हा मला फार गंमत वाटते.

हा मिट्ठू २०१० सालच्या एप्रिलमधला. वादळात अंगणातला कडुनिंब हलला आणि ढोलीतून पिल्लू खाली पडलं. अंगावर धड पिसं नाहीत, डोळे मात्र उघडलेले. मावशीनं त्याला कापसात ठेवलं, भिजवलेली डाळ वाटून भरवली, जगवलं. पहिली दोन-अडीच वर्षं त्याचं नाव मैना होतं, कारण गळ्याला कंठी नव्हती. नराला ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एके दिवशी गुलाबी-काळी कंठी दिसायला लागली आणि मैनेचा मिट्ठू झाला!

सांभाळला मात्र त्याला अगदी घरच्या पोरासारखा. भोपाळची जानेवारीतली थंडी आम्हा गोंयकारांना सोसत नाही, तशी त्यालाही सोसणार नाही म्हणून पिंजऱ्यावर रात्री गोधडी. उन्हाळ्यात पाण्याचं पसरट भांडं, त्यात त्याची आंघोळ. खाणं मात्र सगळ्या हिंदुस्थानात पोपटाला देतात तेच, हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे ‘आमचा मिट्ठू किती तिखट खातो’ या कौतुकात तसा काही अर्थ नाही. आणि नुसत्या डाळीवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर पोपट वर्षानुवर्षं ठेवला तर त्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं. हे मावसभावाच्या बायकोनं कुठंतरी वाचलं आणि गाजर, पालक, पेरू सुरू झाले. तिनंच निर्लेपचा तवा पिंजऱ्याजवळच्या स्वयंपाकघरातून हद्दपार केला. असा तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पाळीव पक्षी असणाऱ्या घरांत हे फारसं कुणाला माहीत नसतं.

शेजारी बजरीगरची चार जोडपी आहेत. लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक वेळा हेच, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आणि कायद्यानं पाळता येतात. आपला पोपट, मैना, मुनिया मात्र पाळता येत नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद आहे. ही गोष्ट सांगितली की माणसं अशी बघतात की जणू त्यांच्या आजीलाच कुणी चोर म्हटलं!

तर २०२४ ची संक्रांत. मी तिकडेच होतो. तिळगूळ वाटून झाले, पोरं गच्चीवर पतंगाला भिडलेली. संध्याकाळी मावसभावाचा मुलगा धावत आला, निंबाला काहीतरी लटकतंय. पाहिलं तर पिंगळा. छोटंसं घुबड, मांज्यात पंख अडकून उलटं फडफडत होतं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी हा मांजा नायलॉनचाच होता. कापता कापत नव्हता.

पिंगळा म्हटलं की आमच्याकडे भल्या पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा जोशी आठवतो, जो या पक्ष्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगतो. हिंदीत याच पक्ष्याला खूसट म्हणतात आणि तो शब्द म्हाताऱ्यांना शिवी म्हणूनही वापरतात. शेजारच्या बाईंनी लगेच सांगितलं, घुबड घरात नेऊ नका, अशुभ असतं. मावशी म्हणाली, “संक्रांतीच्या दिवशी दारात मेलं तर ते शुभ होईल का?” विषय संपला.

पुढचं सगळं सूनबाईनं केलं आणि ते सांगण्यासारखं आहे. तिनं मांजा ओढला नाही. पंखाच्या दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापला आणि जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू दिला. डोक्यावरून सुती पंचा टाकला. अंधार झाला की पक्षी शांत होतो आणि पंच्यातून नखंही लागत नाहीत. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, आत जुना टॉवेल घालून त्यात ठेवलं. खोकं आतल्या खोलीत, उबेला, टीव्हीपासून लांब. काका चमचाभर पाणी घेऊन आले तर तिनं त्यांनाही अडवलं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, चोचीत पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. जखमी पक्ष्यांतले कितीतरी असे दयेनं मरत असतील. दूध-पाव तर नाहीच नाही. मग तिनं हात साबणानं धुतले. २०२१ च्या जानेवारीत इंदूर-मंदसौरकडे बर्ड फ्लूनं कावळे मेले होते, तेव्हापासूनची तिची ही सवय.

घर शुद्ध शाकाहारी. हा खाणार काय, असा प्रश्न काकांना पडला. पाली, उंदीर, किडे... सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मासे खाणारा मी एकटाच, म्हणून माझ्याकडेही! वनविभागाला फोन झालेला होता, त्यामुळे त्या रात्री कुणावर काही पकडण्याची वेळ आली नाही. पण मला दिल्लीची गोष्ट आठवली. लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, कबुतरं-पोपटांची मोठी सेवा तिथं होते. मांसाहारी पक्ष्यांची मात्र तिथं अडचण. एक जखमी घार तिथं घेतली गेली नाही, म्हणून नदीम आणि सऊद या दोघा भावांनी घरीच घारींवर उपचार सुरू केले. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ साली जगभर गाजला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. दया करणाऱ्यालासुद्धा आपल्या ताटाबाहेर पाहावं लागतं ते असं.

सकाळी वनविभागाचा माणूस आला. खोकं उघडून पाहिलं, हाड मोडलेलं नाही म्हणाला. निघताना त्याची नजर पिंजऱ्याकडे गेली. “काकीजी, ये भी तो हमारा ही है,” तो हसून म्हणाला. मावशी हसली नाही.

तो गेल्यावर घरात दिवसभर तीच चर्चा. मावसभाऊ म्हणे, आजच दार उघडून सोडून देऊ. मला हे अजिबात पटलं नाही. चौदा वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत ताकद नसते, त्याला चारा शोधता येत नाही, मांजर बघून उडायचं कळत नाही. रस्त्यावर उभं करून ‘जा, तू स्वतंत्र’ म्हणण्यातलाच प्रकार. तज्ज्ञांच्या हाती सोपवणं वेगळं. मोठ्या जाळीच्या खोलीत, इतर पोपटांत ठेवून, उडायला शिकवून काही सोडताही येतात. सगळेच नाही.

मावशी रात्री एवढंच विचारत होती, “तेव्हा मी त्याला परत ढोलीत ठेवलं असतं तर?” तेव्हा तिला सांगितलं गेलं होतं की माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आईबाप घेत नाहीत. आपल्याकडे घरोघर हेच सांगतात आणि ते खोटं आहे. पक्षी हाताच्या वासानं पिल्लू टाकत नाहीत. पडलेलं पिल्लू धडधाकट असेल तर परत घरट्यात ठेवायचं, ते जमलं नाही तर जवळच्या फांदीला टोपली बांधून तीत ठेवायचं आणि लांब उभं राहायचं. पिसं फुटून उड्या मारणारं असेल तर तेवढंही करायची गरज नाही, ते उडायला शिकत असतं. अमेरिकेत क्रौंचाच्या एका दुर्मिळ जातीची पिल्लं वाढवताना माणसं पांढरे अंगरखे घालून, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरून भरवतात. एक शब्द बोलत नाहीत. पिल्लाला माणसाचा लळा लागू नये एवढ्यासाठी! माझ्या मावशीनं मिट्ठूला नाव दिलं, शीळ शिकवली, ‘चहा पाहिजे’ म्हणायला शिकवलं. त्या पक्ष्यावर तिच्याइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि त्याच निंबावर संध्याकाळी पोपटांचा थवा उतरतो तेव्हा तो गजांना चोच लावून ओरडतो, हेही तीच सांगते.

पिंगळा जखम भरल्यावर उडवल्याचा फोन फेब्रुवारीत आला. मावशीनं नंतर स्वतःच अर्ज लिहवून घेतला, मिट्ठू कसा आला, किती वर्षांचा आहे, सगळं खरं खरं. उत्तर यायला वेळ लागेल असं कळलं. मे महिन्यात निंबाला सकोरे टांगले. तिकडे उन्हाळ्यात घरोघर पाण्याची ही मातीची भांडी टांगतात, आमच्या गोव्यात ही पद्धत मी फारशी पाहिलेली नाही. काकांनी जुन्या जाळीचा व्हरांड्याएवढा पिंजरा करून घेतला. मिट्ठू पहिले दोन दिवस त्यात एका कोपऱ्यात, जुन्या पिंजऱ्याच्या जागी बसून होता. तिसऱ्या दिवशी या टोकाकडून त्या टोकाला गेला. चालत. मावशीनं फोनवर सांगितलं ते असं, “उडाला नाही रे अजून. पण गेला.”