काळ्या रंगाची विशेषणे

भोर, शार, कुट्ट, कभिन्न, कुळकुळीत, ठिक्कर. मराठीत काळ्याला जोडून येणारे हे शब्द रंग किती गडद आहे एवढेच सांगत नाहीत. त्या काळेपणाचा पोत, चकाकी, खोली आणि बोलणाऱ्याची माया किंवा धास्तीही त्यांतून कळते. इंग्रजीची वाट वेगळी आहे. जेट, एबनी, रेव्हन, पिच ही मुळात वस्तूंची नावे: जीवाश्म झालेले लाकूड, अबनूस, डोमकावळा, डांबर. तिथे उपमेने होणारे काम मराठीत बरेचसे नादावर होते.

सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवर असलेल्या तोरणमाळचे वर्णन करताना हे शब्द पारखून घ्यावे लागतात. इथला कातळ दख्खनच्या बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ताजा फोडला तर तो करडा-काळा दिसतो. उघड्यावर राहिला की त्यातले लोह गंजते आणि पृष्ठभाग तांबूस-तपकिरी होतो. ओला दगड कोरड्यापेक्षा कमी प्रकाश विखुरतो, म्हणून पावसाळ्यात तोच कडा काळाकभिन्न होतो. वैशाखात त्याला काळाकभिन्न म्हणणे खोटे ठरते; तेव्हा काळसर पुरे.

ढगांबाबत निवड अधिक नाजूक आहे. पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेल्याचे ढग काळेभोर; घाटात अडकलेल्या वाटसरूचे तेच ढग काळेकुट्ट. भोरमध्ये जिव्हाळा आहे, म्हणून तो केसांना, डोळ्यांना आणि कसदार मातीलाही शोभतो. कुट्टमध्ये भय आहे. अलीकडच्या लेखनात मात्र कुट्ट सरसकट वापरला जातो आणि त्यातले भय विरून जाते.

तोरणमाळच्या यशवंत तलावाचे संध्याकाळचे पाणी काळेशार. शार निळ्यालाही लागतो, त्यामुळे त्यात खोली आणि नितळपणा दोन्ही येतात. नुकत्याच डुंबून निघालेल्या म्हशीला कुळकुळीतच हवा, कारण तिथे चकाकी महत्त्वाची. रात्रीसाठी मिट्ट किंवा किट्ट काळोख, पण तो दाट झाडीखाली. उघड्या पठारावर अमावास्येलाही चांदण्यांचा उजेड असतो.

माणसाच्या वर्णासाठी सावळा आपुलकीने येतो. ठिक्करमध्ये हिणवणे आहे. लेखकाने तो माणसासाठी वापरू नये.