सांबराच्या मागावर मेळघाटात

अमरावतीहून परतवाड्याची एसटी धरली, की दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची आणि तुरीची वावरं लागतात. मधूनमधून संत्र्याच्या बागा. जमीन कशी एकदम सपाट! पण अचलपूर जवळ आलं की उत्तरेला एक निळी भिंत दिसू लागते. हा आपला सातपुडा. भिंत लांबून दिसते एक, पण आत शिरलं की डोंगरामागे डोंगर आणि दरीत दरी. इतके घाट इथे एकमेकांना भेटतात, म्हणून या मुलखाला म्हणतात मेळघाट.

परतवाडा सोडलं की रस्ता चढू लागतो. सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत तो धारणीकडे जातो. बाजूने सिपना नदी सोबत करते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नदीच्या दोन्ही काठांना खरोखरच सागाचं रान आहे. डावीकडे चिखलदरा आणि गाविलगडचा किल्ला. १८०३ साली इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून घेतला. डोंगराच्या दक्षिण अंगाला, अकोला जिल्ह्यात, नरनाळा किल्ला आहे. तिथून खाली पाहिलं की अकोटकडची काळी शेतं दिसतात आणि मागे वळून पाहिलं की नुसतं रान.

दोस्तांनो, या रानात एके काळी शिकारीचा हंगाम असायचा. जसा आंब्याचा हंगाम, जसा कापूस वेचणीचा हंगाम, अगदी तसाच! आणि त्या हंगामातलं मोठं बक्षीस होतं सांबर.

शिंगं आणि शिंगं

आधी सांबराची ओळख करून घेऊ. आपण सगळ्यांना सरसकट ‘हरीण’ म्हणतो. पण मेळघाटात सांबर आहे, ठिपक्याठिपक्यांचं चितळ आहे, कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर आहे आणि चार शिंगांचा चौसिंगाही आहे. खाली सपाटीवर, कारंजा-सोहोळच्या माळावर, काळवीट दिसतं. वावरात घुसणारा रोही, म्हणजे नीलगाय, तर वऱ्हाडातल्या प्रत्येक कास्तकाराच्या ओळखीचा.

यांच्यात एक मोठा फरक आहे. काळवीट, चौसिंगा आणि रोही यांची शिंगं गाईबैलांच्या शिंगांसारखी. आत हाड, वर कठीण आवरण. एकदा आली की जन्मभराची सोबत. सांबर, चितळ आणि भेकर यांचं मात्र वेगळं. त्यांची शिंगं फक्त नराला येतात, त्यांना फांद्या फुटतात, आणि ती गळून पडतात! पुन्हा नवी उगवतात. खरी हरणं ती हीच.

सांबर त्यातलं सगळ्यात मोठं. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोच्या घरात, कधी त्याहूनही जड. रंग मातकट तपकिरी, मानेवर आयाळ, कान मोठे. एवढं धूड, पण उभ्या डोंगरावरून असं चढून जातं की पाहतच राहावं. चितळाला मोकळं कुरण आवडतं, सांबराला अवघड डोंगर. म्हणूनच मेळघाट हा सांबराचा मुलूख.

हंगाम ठरायचा कसा?

सांबराच्या नराची शिंगं साधारण उन्हाळ्यात गळतात. पावसाळ्यात नवी उगवू लागतात. तेव्हा ती मऊ असतात, त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते आणि आत रक्त खेळत असतं. पावसाळा सरला की ही कातडी वाळते. नर झाडांच्या बुंध्यांवर घासून ती काढून टाकतो. थंडी पडेपर्यंत शिंगं टणक होतात, आणि मग नरांच्या झुंजी लागतात. मादीला पुढे आठेक महिन्यांनी, म्हणजे बहुधा पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाडस होतं. तेव्हा कोवळं गवत भरपूर असतं. आहे की नाही बरोबर हिशेब?

शिकाऱ्यांना हवी असायची ती भिंतीवर टांगायला मोठी, टणक शिंगं. म्हणून त्यांचा हंगाम थंडीत सुरू व्हायचा. गवत वाळून नजर लांब जाऊ लागली, पानं गळाली, पाणी आटून थोड्याच डोहांत उरलं, की जनावर शोधणं आणखी सोपं व्हायचं. पावसाळ्यात मात्र रस्ते बंद, ताप-मलेरियाची भीती, आणि सांबराच्या डोक्यावर टणक शिंगंही नाहीत. तेव्हा रान आपलं आपण राहायचं.

इंग्रजांच्या काळात मध्य भारतातली सांबरं मोठ्या शिंगांसाठी शिकाऱ्यांत नावाजलेली होती. शिंग चाळीस इंच भरलं, की साहेब खूश! जंगलाचे गट पाडलेले असत. परवाना काढायचा, ठरलेल्या गटात ठरलेले दिवस राहायचं आणि ठरलेलीच जनावरं मारायची, असे नियम होते. बैलगाड्यांवरून राहुट्या, भांडी, दाणागोटा यायचा. आसपासच्या गावांतली माणसं हाक्याला लावायची. हाका म्हणजे काय? एका बाजूने रांग धरून, ओरडत, डबे वाजवत जनावरं पुढे रेटायची. पुढे मचाणावर बंदूकवाला बसलेला असायचा.

पण खरा शिकारी कोण होता, सांगू? रान वाचणारा कोरकू. कुठल्या डोहावर पाणी टिकतं, सांबर पहाटे कुठून उतरतं, वारा कुठून कुठे वाहतोय, हे त्याला ठाऊक. चिमूटभर राख किंवा माती हवेत सोडायची आणि वारा पाहायचा. सांबराच्या नाकापर्यंत माणसाचा वास गेला, तर दिवस फुकट! चिखलातला खूर पाहून तो सांगायचा, जनावर केव्हा गेलं, सावकाश गेलं की बिथरून. फोटोत मात्र बंदूकवाला मधोमध, आणि हा कुठेतरी कडेला.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ साली निघालं. त्यात शिकार भरपूर आहे, आणि सातपुड्यातल्या गोंड आणि कोरकू लोकांविषयीही लिहिलेलं आहे.

बंदूक थांबली ती अशी

देश स्वतंत्र झाला, पण शिकार थांबली नाही. उलट दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, झगझगीत बॅटरी आली. रात्री जीपमधून उजेड मारायचा, डोळे चमकले की गोळी घालायची. यात ना माग काढणं, ना वारा पाहणं. नर, मादी की पाडस, हेही कोण पाहतो? सांबरं, चितळं भराभर कमी झाली. आणि हरणं कमी झाली की वाघ तरी काय खाणार? एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. या कायद्यात काही जनावरांची शिकार परवान्याने करण्याची सोय सुरुवातीला ठेवलेली होती. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीने. त्याच्या आधीच, १९७३-७४ साली, देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निवडले गेले आणि त्यांत मेळघाट होता. पुढे १९८७ साली मेळघाटातच गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं.

तीच विद्या, नवं काम

आता गंमत बघा. शिकाऱ्याला जी जी विद्या लागायची, ती सगळी आज जंगल राखणाऱ्याला लागते. मेळघाटात जागोजागी संरक्षण कुटी आहेत. तिथे वनरक्षक आणि वनमजूर राहतात. त्यांत कोरकू तरुण पुष्कळ आहेत. रोज पायी फिरून ते माग पाहतात. पाणवठ्याच्या वाटेवर कुणी तारेचा फास लावलाय का? मोटरसायकलच्या क्लचची साधी तार, पण तिच्यात पाय अडकला की सांबर तडफडून मरतं. पाण्यात कुणी विष तर कालवलं नाही ना, हेही पाहावं लागतं. चोरटी शिकार संपलेली नाही. २०१३ साली मेळघाटात वाघ मारणारी टोळीच पकडली गेली होती.

मोजणीही अशीच पायी होते. जंगलात दोन किलोमीटरची सरळ रेघ आखलेली असते. भल्या सकाळी त्या रेघेवरून गुपचूप चालायचं. सांबर, चितळ, रोही, गवा जे दिसेल ते, किती दिसले आणि किती अंतरावर, हे टिपायचं. वाघासाठी कॅमेरे लावतात. वाट ओलांडली की आपोआप फोटो निघतो.

आणि आवाज! सांबराला वाघाची चाहूल लागली की ते पाय आपटतं, शेपटी उभारतं आणि ‘ढाँक्’ असा मोठ्ठा आवाज काढतं. वानर खाकरतं, चितळ बारीक ओरडतं, पण तेवढ्याने जाणकार लगेच धावत नाहीत. सांबराने पुन्हा पुन्हा हाक दिली, की मात्र वाघ किंवा बिबट्या जवळ असणार असं धरून चालतात.

मारुती चितमपल्ली यांचं नाव तुमच्या आईबाबांना माहीत असेल. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक होते. जंगलात राहणाऱ्या लोकांकडून ते आयुष्यभर शिकत राहिले आणि ते ज्ञान त्यांनी मराठीत आणलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

कुरणाची किंमत

मेळघाटात आत गेलं की मध्येच एखादं मोकळं कुरण लागतं. सकाळी तिथे सांबरं आणि चितळं चरताना दिसतात. दृश्य छान असतं. पण नीट पाहिलं तर एखादी पडकी भिंत दिसते, आंब्याचं किंवा चिंचेचं लावलेलं झाड दिसतं. रानात रांगेत झाडं कुणी लावली? इथे गाव होतं!

कोहा, कुंड, बोरी ही गावं या शतकाच्या सुरुवातीला जंगलाबाहेर हलवली गेली. त्यांच्या मागोमाग वैराट, चुर्णी, पस्तलाई आणि आणखी काही. शेतांच्या जागी गवत वाढलं, गवतावर हरणं आली, हरणांमागे वाघ आला. जंगलाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. काही घरांना रस्ता, शाळा, दवाखाना जवळ मिळाला. पण सगळ्यांचं तसं झालं नाही. ठरलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही कुटुंबं जंगलातल्या जुन्या गावी परत गेली, आणि २०१९ साली त्यावरून गावकरी आणि वनखात्याची माणसं यांच्यात मोठी चकमक उडाली.

वाघाला ‘कुलामामा’ म्हणून मान देणारी ही माणसं. सांबर वाचावं म्हणून त्यांनी घर सोडलं. तेव्हा कुरणावरचा कळप पाहताना त्या घरांची आठवण ठेवायलाच हवी. त्यांना दिलेला शब्द पुरा करणं, हेसुद्धा जंगल राखण्याचंच काम आहे.

डोंगराच्या पायथ्याच्या कास्तकाराचं दुखणं आणखी वेगळं. रात्रभर माळ्यावर बसून जागल करावी, आणि पहाटे जरा डोळा लागला की रोह्यांनी, रानडुकरांनी हरभरा साफ करावा! वैतागून कुणी कुंपणात घरची वीज सोडतं. त्याने जनावर मरतं, आणि कधी अंधारात चाललेलं माणूसही मरतं. हा गुन्हा आहे. सौर कुंपणाचा झटका नुसता हुसकावून लावतो, जीव घेत नाही. नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाई मागता येते. ती वेळेवर मिळाली, तर तारेत वीज सोडायची पाळी येणार नाही.

जायचं असेल तर

मेळघाट पाहायला हिवाळा आणि उन्हाळा बरा. सेमाडोह, कोलकास, हरिसाल किंवा अकोट बाजूने शहानूर-नरनाळा, कुठूनही जाता येतं. पावसाळ्यात काही वाटा बंद असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं ‘निसर्गानुभव’ नावाचा कार्यक्रम करतं. मोठी माणसं नाव नोंदवून चांदण्यात मचाणावर बसतात आणि पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपतात.

वाघ दिसेलच असं नाही. डोंगराळ, दाट रान आहे, तो लपून राहतो. सांबर दिसलं तर गाडीत हळू बोला, उतरू नका. गळून पडलेलं शिंग दिसलं तरी उचलू नका. ते घरी आणणं गुन्हा आहे. शिवाय साळिंदर, उंदीर अशी शिंगं कुरतडतात, त्यांना त्यातून चुना मिळतो.

करून पाहा

माग काढायला मेळघाटातच जायला पाहिजे असं नाही. पाऊस पडून गेला की घराजवळच्या ओल्या मातीत शेळीचा, गाईचा, कुत्र्याचा माग शोधा. वहीत तो जसाच्या तसा काढा, पट्टीने लांबी मोजून लिहा. शेळीच्या खुराचे दोन भाग असतात, सांबराचेही दोनच, पण सांबराचा खूर बराच मोठा. जनावर पळत गेलं असेल तर हे दोन भाग फाकलेले दिसतात. मऊ मातीत मागे आणखी दोन बारीक खुणा दिसल्या, तर ते डुक्कर असू शकतं. दहा पानं भरली की वही घेऊन सेमाडोहला जा आणि तिथल्या वनरक्षककाकांना दाखवा. त्यांना एकच विचारा, ‘काका, आज सांबर कुठून गेलं?’