बासन सोडल्याशिवाय

सुरगाण्याच्या बाजारपेठेत धान्य-किराण्याचे दुकान चालविणारे ते वयोवृद्ध गृहस्थ हिशेबाच्या बाबतीत मोठे काटेकोर. जुन्या सालांच्या कीर्द-खतावण्या लाल बासनात बांधून फळीवर ओळीने मांडलेल्या. आता हिशेब संगणकावर गेला आहे. नाशिकचे हिशेबनीस महिन्याच्या विक्रीची यादी ‘झिप’ स्वरूपात ई-मेलने पाठवितात आणि काकांनी ती तपासून परत धाडायची, असा शिरस्ता.

जुलैची १० तारीख. बाहेर धो-धो पाऊस, वीज जात-येत होती. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून काका संगणकापुढे बसले आणि वीस-बावीस बिलांवरील ग्राहकांचे जीएसटी क्रमांक त्यांनी दुरुस्त केले. रात्री तीच झिप परत पाठविली. दुसऱ्या दिवशी ११ तारीख, जीएसटीआर-१ भरण्याची अखेरची मुदत. दुपारी हिशेबनिसांचा फोन आला, “काका, यात तर एकही दुरुस्ती नाही.” काकांचा आवाज चढला. “काम न पाहताच बोलता तुम्ही!” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. क्रमांक चुकीचे गेले असते, तर माल घेणाऱ्यांची कराची वजावट अडकली असती. व्यापाऱ्याच्या शब्दाचाच प्रश्न होता.

अकरावीतल्या नातीने झिप उघडून पाहिली. “आजोबा, तुम्ही बासन सोडलंच नाही. बाहेरून पान ओढून त्यावर लिहीत बसलात.”

झाले होते ते असे. झिपच्या आतील फाइलवर थेट क्लिक केले, की विंडोज तिची तात्पुरती प्रत दुसऱ्याच फोल्डरमध्ये काढून दाखविते. दुरुस्ती त्या प्रतीत होते. मूळ पुडके जसेच्या तसे राहते. म्हणून आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करून फाइल बाहेर काढावी, काम करावे आणि मग नवे पुडके बांधावे.

फाइल लहान कशी होते, हेही काकांना लगेच उमगले. जुन्या कीर्दीत तोच मजकूर पुन्हा आला, की ‘कित्ता’ लिहीत. लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७७ साली मांडलेली युक्ती त्याच जातीची: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे घे’ एवढीच खूण ठेवायची. सोडविताना एक अक्षरही गळत नाही. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिप आणली, तीत प्रत्येक फाइलचा ताळाही नोंदलेला असतो. वाटेत फाइल बिघडली, तर तो जमत नाही. मोबाइलवरचे फोटो मात्र झिप करून फारसे लहान होत नाहीत, कारण ते आधीच आवळलेले असतात. ‘आरएआर’ आणि ‘सेव्हन-झेड’ ही याच कुळातली. जुन्या विंडोजवर त्यांना निराळा प्रोग्रॅम लागतो. अनोळखी माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बिल’ म्हणून पाठविलेले पुडके तर सोडूच नये. पेठेत अनोळखी पोते कोणी दुकानात उतरवून घेत नाही!

त्या दुपारी नात क्रमांक वाचत गेली, काका टंकत गेले. साडेचारला नवी झिप तयार झाली. ती पाठविण्यापूर्वी काकांनी नाशिकला फोन लावला. “रात्रीचे पुडके मीच न सोडता परत पाठविले होते. तुमच्यावर उगाच आवाज चढविला.” पलीकडून हसण्याचा आवाज आला. “काका, आधी पाठवा. वीज आहे तोवर.”